पात्र, अपात्र आणि मनाचा आजार

१ जुलै २००६. विदर्भाच्या दौऱ्यावर आलेल्या पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम हे वऱ्हाडातले पाच आणि सहावा शेजारचा वर्धा. सिंचनाला २,१७७ कोटी, थकीत व्याजाच्या माफीला ७१२ कोटी, बियाणे बदलाला १८० कोटी. शिवाय फळबागा, दुधाळ जनावरे, मत्स्यपालन. अगदीच निकडीच्या कुटुंबांना देता यावेत म्हणून प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याच्या हाती ५० लाख. कागद तपशिलात केलेला होता, जोडधंद्यापर्यंत विचार पोचला होता. मात्र हे पॅकेज ज्या कारणासाठी आले, ते कारण माणसाने स्वतःचा जीव घेणे हे होते आणि मानसोपचाराच्या नावाने त्यात एक ओळ नव्हती.

यावर फारशी ओरडही झाली नाही. पॅकेजवर टीका भरपूर झाली, ती वेगळ्या अंगाने. मुद्दल माफ का नाही, कापसाच्या भावाचे काय, सिंचनाचा पैसा ठेकेदार खाणार, हे सगळे बोलले गेले. पुढे घडलेल्या गोष्टी पाहता त्यातले बरेचसे खरेही ठरले. मनाच्या उपचाराचा मुद्दा काढणे त्या काळात शेतकऱ्याच्या बाजूच्या माणसाला परवडणारे नव्हते. का, ते समजण्यासाठी त्याच्या पाच महिने आधीचा राज्य सरकारचा एक निर्णय पाहावा लागतो.

२३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत कशी द्यायची ते ठरले. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. मदत मिळण्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरायला हवे. पात्र म्हणजे नापिकी झालेली, बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज थकलेले आणि वसुलीचा तगादा लागलेला. तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा कागद, सातबारा, बँकेचा दाखला हे सगळे तहसीलमधून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते. समिती ठरवते, हा माणूस शेतीमुळे मेला की आणखी कशाने. आणखी कशाने म्हणजे आजारपणाने, घरच्या भांडणाने, दारूने, डोक्यावर परिणाम झाल्याने. यातले काही कागदावर आले की प्रकरण ‘अपात्र’.

अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयात २००१ पासूनची नोंद आहे. पाच जिल्ह्यांचा आकडा २० हजारांच्या पुढे गेला आणि त्यातली जवळपास निम्मी प्रकरणे अपात्र ठरली. ‘पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित’ असे तीन रकाने असलेला तक्ता वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून आला आहे, की वाचणारा आता त्यावरून नुसती नजर फिरवतो.

त्याच जानेवारी २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्र यांचा शेतकरी आत्महत्यांवरचा अहवाल सरकारला मिळाला. यवतमाळ, वाशीम आणि वर्धा या तीन जिल्ह्यांतल्या १११ आत्महत्यांच्या घरी जाऊन केलेली ती पाहणी होती. कर्जबाजारीपण सर्वांत वर होते, यात आश्चर्य काहीच नाही. मात्र एका माणसाच्या नावापुढे एकच कारण असे क्वचित होते. कर्ज आणि मुलीचे लग्न, नापिकी आणि आजार, पत गेली आणि दारू वाढली, वागणे बदलले, अशी चारपाच ओझी एकाच पाठीवर दिसत होती. अहवालाने ती सगळी जोखमीची कारणे म्हणून शेजारी शेजारी मांडली. सरकारी अर्जाला शेजार चालत नव्हता. कर्ज असेल तर दारू नको आणि दारू असेल तर कर्ज खोटे, असा त्याचा खाक्या.

आता घरच्यांच्या जागी उभे राहून पाहा. मेलेला माणूस वर्षभर झोपत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता, म्हणून कोणी त्याला अमरावतीच्या इर्विन दवाखान्यात किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये मानसोपचाराच्या ओपीडीत नेले असेल, तर ती चिठ्ठी मदतीच्या फायलीला जोडायची की चुलीत घालायची? एक लाख रुपयांची गरज असलेली बाई काय करेल, हे सांगायला अभ्यासक लागत नाही. उपचार घेतल्याचा पुरावा हाच मदत नाकारण्याचा पुरावा होईल, अशी रचना सरकारने केली होती. कोणी मुद्दाम केली असे मला वाटत नाही. तिजोरी सांभाळणाऱ्या माणसाला ‘खऱ्या’ प्रकरणातून ‘खोटे’ वेगळे काढायचे असते आणि मनाचा आजार त्याला नेहमीच खोट्याच्या बाजूला दिसतो.

संसदेत तर हे उघडच दिसले. २४ जुलै २०१५ रोजी कृषिमंत्री राधामोहन सिंह यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीचा हवाला देऊन शेतकरी आत्महत्यांच्या कारणांत कौटुंबिक प्रश्न, आजार, अमली पदार्थ, हुंडा, प्रेमप्रकरणे आणि नपुंसकता यांची नावे घेतली. देशभर गदारोळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण गदारोळातला युक्तिवाद नीट ऐकला तर एक गोष्ट जाणवते. सरकार म्हणत होते, आजार आणि व्यसन ही कारणे आहेत, म्हणजे आमचा दोष नाही. विरोधक म्हणत होते, आजार आणि व्यसन म्हणणे हा शेतकऱ्याचा अपमान आहे. आजार असेल तर तो बरा करण्याचा खर्च कोणी उचलायचा, हे विचारायला दोघांनाही सवड नव्हती. आजाराचे नाव काढले की सरकार सुटते आणि मदत जाते, हे वऱ्हाडाच्या राजकारणाने दहा वर्षांत पक्के शिकून घेतले होते. म्हणून ज्या भागाला मानसिक उपचाराच्या खर्चाचा प्रश्न सगळ्यात जोराने विधिमंडळात नेता आला असता, तोच भाग त्या बाबतीत गप्प राहिला.

दारूची गोष्ट आणखी जुनी. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. पोराला घेऊन आईने माहेर गाठले, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला. पुढे आयुष्यभर कीर्तनातून बाबांनी सांगितले त्यात कर्ज काढू नका आणि दारू पिऊ नका ही दोन वाक्ये जोडीने येत. अर्जाच्या रकान्यांनी ज्या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या, त्या बाबांना एकाच घरात राहताना दिसल्या होत्या. ते घर त्यांचे स्वतःचे होते. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून व्यसनमुक्तीचे काम गावोगाव नेले. संतांचे हे काम मोठे, त्याने कित्येक घरे वाचली. कायदे करणाऱ्यांनी मात्र त्यातले सोयीचे तेवढे उचलले, दारू सोडणे हा मनाच्या निग्रहाचा प्रश्न आहे, एवढेच.

१९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचा कायदा केला. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदी मार्गदर्शक तत्त्व म्हणून आली. बंदी हा उपाय मानला की पिणारा गुन्हेगार होतो किंवा पापी. रुग्ण व्हायला जागा उरत नाही. सरकारच्या खातेवाटपातही हेच उतरले. केंद्रात आणि राज्यातही व्यसनमुक्तीचे काम सामाजिक न्याय खात्याकडे गेले, मानसिक आरोग्य आरोग्य खात्याकडे राहिले, आणि विमा अर्थ मंत्रालयाच्या कक्षेत. व्यसनाच्या उपचाराला विमा मिळावा असे कोणाला वाटले तरी तीन दारे ठोठवावी लागणार.

महाराष्ट्रात या उपचाराचा खर्च समाजाने उचलला, देणग्यांतून. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण सुरू केले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याच १९८६ साली सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ नावाची पॉलिसी बाजारात आणली. तिच्या शर्तींत काय भरून मिळणार नाही, त्याची यादी होती. जन्मजात बाह्य व्यंगे, वंध्यत्व, गुप्तरोग, स्वतःला मुद्दाम केलेली इजा आणि दारू किंवा अमली पदार्थांचा वापर. पुढे खासगी कंपन्या आल्या आणि त्यांच्या कागदांत सगळे मानसिक आजार स्पष्ट शब्दांत वगळले गेले. याद्या वाचताना कळते की विमा कंपनीने आजारांची विभागणी वैद्यकशास्त्रावरून केलेली नव्हती. ज्याची चारचौघांत लाज वाटते ते बाहेर, अशी ती विभागणी होती. मेडिक्लेम आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९८७ मध्ये, संसदेने मानसिक आरोग्य कायदा केला आणि इंग्रजांचा १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा मोडीत काढला. नव्या कायद्यात रुग्णालयांचे परवाने, दाखल करण्याची रीत, दंडाधिकाऱ्याचे अधिकार सगळे होते. पैसे कोण भरणार ते नव्हते. वऱ्हाडातल्या माणसासाठी मनोरुग्णालय म्हणजे नागपूरचे, १८६४ सालचे. तिथवर जाणे हीच शेवटची पायरी आणि गावात परत आल्यावर आयुष्यभराची ओळख.

कायद्याची भाषा बदलली ती बाहेरून. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी शिक्कामोर्तब केले. आरोग्य विम्यात अपंगांशी भेदभाव करू नये, असे त्या कराराच्या २५ व्या कलमात आहे, आणि दीर्घ मानसिक आजार अपंगत्वात येतो. आपले कायदे कराराशी जुळवून घेणे भाग होते. नव्या विधेयकाचा मसुदा करण्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या केंद्राचे डॉ. सौमित्र पठारे यांचा मोठा वाटा आणि आरोग्य मंत्रालयात केशव देसिराजू यांच्यासारखा अधिकारी त्याच्या पाठीशी उभा. विधेयक १९ ऑगस्ट २०१३ रोजी राज्यसभेत मांडले गेले. सरकार बदलले, विधेयक टिकले. ८ ऑगस्ट २०१६ रोजी सव्वाशेहून जास्त सरकारी दुरुस्त्यांसह ते राज्यसभेत मंजूर झाले, २७ मार्च २०१७ रोजी लोकसभेत. ७ एप्रिलला राष्ट्रपतींची सही झाली आणि मे २०१८ मध्ये कायदा लागू झाला.

त्याच्या २१ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात एकच वाक्य आहे. शारीरिक आजारांना ज्या आधारावर वैद्यकीय विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारांच्या उपचारालाही प्रत्येक विमा कंपनीने तो द्यावा. आणि कायद्याने मानसिक आजाराची जी व्याख्या केली, तिच्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही स्पष्टपणे घातल्या. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर व्यसनाच्या उपचारालाही समान विमा, असा अर्थ निघतो. तेव्हा गाजली मात्र वेगळी कलमे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे मानून त्याला शिक्षा करू नये हे ११५ वे कलम, भूल न देता विजेचे झटके देण्यावर बंदी, रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई. मथळे त्यांचेच झाले. विम्याचे वाक्य कोणाच्या डोळ्यांत आले नाही, बहुधा म्हणूनच ते इतक्या सहज पार पडले.

अमेरिकेत या एका वाक्यासाठी बारा वर्षे गेली, तीही पहिला कायदा झाल्यानंतर. १९९६ चा तिथला समानतेचा कायदा सेनेटर पीट डोमेनिची आणि पॉल वेलस्टन यांचा. एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट, एरवी एकमेकांशी कशात पटणार नाही असे दोघे. डोमेनिचींच्या मुलीला स्किझोफ्रेनिया होता, वेलस्टन यांच्या थोरल्या भावाला मानसिक आजार. त्या कायद्याने विम्याच्या वार्षिक आणि आजीवन रकमेची मर्यादा सारखी केली, बाकी पळवाटा तशाच राहिल्या आणि व्यसन तर बाहेरच होते. वेलस्टन २००२ मध्ये विमान अपघातात गेले. प्रतिनिधिगृहात हा किल्ला लढवला तो पॅट्रिक केनेडी आणि जिम रॅमस्टॅड यांनी. दोघेही व्यसनातून बाहेर पडलेले आणि तसे उघड सांगणारे. व्यसनासह समानतेचा कायदा अखेर ३ ऑक्टोबर २००८ ला झाला, बुडत्या बँकांना वाचवण्यासाठी आणलेल्या प्रचंड विधेयकाच्या पाठीवर बसून. कंपन्यांशी, मालकांच्या संघटनांशी, स्वपक्षीयांशी भांडून मिळाल्यामुळे त्या तरतुदीवर डोळा ठेवणारी माणसे सभागृहात होती. आपल्याकडे कलम तज्ज्ञांनी लिहिले, करारामुळे आले, भांडणावाचून मंजूर झाले. दुसऱ्या दिवसापासून त्याला वाली नव्हता.

वाली नसल्याचा परिणाम लगेच दिसला. विमा नियामक आयआरडीएआयने १६ ऑगस्ट २०१८ रोजी कंपन्यांना छोटेसे परिपत्रक पाठवले: कायद्यातल्या या कलमाचे तात्काळ पालन करा. कंपन्यांनी ते ठेवून दिले. माहितीच्या अधिकारात प्रश्न विचारून थकलेल्या एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १६ जून २०२० रोजी न्यायालयाने नोटीस काढली. दोनच दिवसांपूर्वी अभिनेता सुशांतसिंह राजपूतचा मृत्यू झाला होता आणि सगळ्या वाहिन्या मानसिक आरोग्यावर बोलत होत्या. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका महिलेचा मानसिक आजाराचा दावा नाकारणाऱ्या सरकारी विमा कंपनीला फटकारले. कायदा लागू झाल्यापासूनच समानता लागू आहे, कंपनीला सवडीने पॉलिसी बदलू असे म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा गाभा. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये आयआरडीएआयला पुन्हा परिपत्रक काढून ३१ ऑक्टोबरची मुदत घालावी लागली. संसदेचा कायदा लागू झाल्यावर जवळपास साडेचार वर्षांनी नियामकाची अंतिम तारीख!

या सगळ्यात सर्वांत बोलका कागद सप्टेंबर २०१९ चा आहे. आरोग्य विम्यातून काय वगळता येईल आणि काय नाही, याचे नियम आयआरडीएआयने त्या वेळी एकसारखे केले. मानसिक आजार, ताण, मानसशास्त्रीय विकार वगळता येणार नाहीत, असे त्यात स्वच्छ लिहिले. आणि कंपन्यांना वापरता येतील अशा ठरीव वगळणुकींच्या यादीत बाराव्या क्रमांकावर मद्यासक्ती, अमली पदार्थांचे सेवन किंवा कोणतीही व्यसनाधीन अवस्था आणि तिचे परिणाम, यांवरचे उपचार ठेवले. संसदेच्या व्याख्येत जे आजाराच्या आत होते, ते नियामकाने एकाच कागदात आजाराच्या बाहेर काढले. ‘तिचे परिणाम’ हे दोन शब्द तर फारच दूरवर जातात. दारूने खराब झालेले यकृत, दारू सोडताना आलेला भ्रम, सगळे त्यात मावते. संसदेत यावरून गोंधळ झाल्याचे, कोणी हक्कभंग आणल्याचे स्मरत नाही. दारुड्याची बाजू घेतली असे दिसणे कोणत्याही मतदारसंघात महागात पडते.

वऱ्हाडात विमा म्हटले की आधी पीकविमा आठवतो आणि त्याबरोबर पीककापणीचे प्रयोग, महसूल मंडळ, पैसेवारी पन्नासच्या वर की खाली, हा सगळा तापदायक व्यवहार. खासगी आरोग्य पॉलिसी काढणारे शेतकरी कुटुंब इथे दुर्मीळ. त्यामुळे २१ व्या कलमापेक्षा इथल्या माणसाच्या कामाची होती ती सरकारी योजना. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत अमरावती होता. पुढल्या वर्षी ती राज्यभर गेली, अकोल्यालाही आली. कुटुंबाला दीड लाखापर्यंतचे उपचार, तीस विशेषज्ञ शाखा, ९७२ शस्त्रक्रिया आणि उपचार. हृदय, मूत्रपिंड, मेंदूच्या शस्त्रक्रिया, भाजणे, कर्करोग. यादीत मानसोपचार ही शाखाच नव्हती. नंतर दुष्काळाच्या आणि आत्महत्यांच्या झळा सोसणाऱ्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या रेशन कार्डाच्या शेतकऱ्यांनाही योजनेत घेतले, औरंगाबाद आणि अमरावती विभागांतले सगळे जिल्हे आणि वर्धा. म्हणजे आत्महत्या होतात म्हणून शेतकऱ्याला कार्ड मिळाले आणि त्या कार्डावर नैराश्याचा उपचार सोडून बाकी बरेच काही मिळत होते. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत योजना आली तेव्हा तिच्या यादीत मानसिक विकारांचे स्वतंत्र शीर्षक होते आणि त्याखाली व्यसनातून उद्भवलेले विकारही. सुरुवातीला हे उपचार सरकारी रुग्णालयांपुरते राखलेले. पैसे भरून पॉलिसी घेणाऱ्याला जे नाकारले ते सरकारने गरिबाला कागदोपत्री तरी दिले, ही या इतिहासातली एक विचित्र गंमत.

‘कागदोपत्री’ म्हणायचे कारण पलंगाचे आहे. भारतातला आरोग्य विमा मुख्यतः पलंगाचे पैसे देतो. चोवीस तास दाखल व्हा, मग दावा करा. नैराश्याचा माणूस बहुतेक वेळा दाखल होतच नाही. त्याला महिन्याच्या गोळ्या लागतात, पंधरा दिवसांनी कोणीतरी तासभर ऐकून घेणारे लागते, एसटीचे भाडे लागते. यातले काहीच पलंगावर घडत नाही. शारीरिक आजारासारखीच वागणूक मनाच्या आजाराला दिली, तरी ज्याची उपचारपद्धतीच वेगळी त्याच्या हाती त्या समानतेतून फार काही पडत नाही.

पलंगाबाहेरचा असा उपचार चालतो, याचा पुरावा अमरावती जिल्ह्यातच तयार झाला होता, कायदा होण्याच्या आधीच. गोव्याच्या ‘संगत’ संस्थेच्या डॉ. विक्रम पटेल आणि डॉ. राहुल शिधये यांच्या पुढाकाराने टाटा ट्रस्टच्या पैशावर ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प इथल्या तीस गावांत चालला. गावातल्याच स्त्री-पुरुषांना शिकवून समुपदेशक केले. आजाराचे इंग्रजी नाव न घेता ‘टेंशन’विषयी बोलणे सुरू केले. वऱ्हाडी माणूस ‘मले नैराश्य हाय’ कधी म्हणणार नाही, ‘लय टेंशन हाय जी’ म्हणेल. प्रकल्पापूर्वी नैराश्य असलेल्या शंभरांतले चारेक जण कोणाची तरी मदत घेत होते. अठरा महिन्यांनी हे प्रमाण सत्तावीसवर गेले. २०१७ साली, म्हणजे कायदा झाला त्याच वर्षी, हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. गावातल्या समुपदेशकाच्या या तासभराचे पैसे देणारी विमा पॉलिसी तेव्हाही नव्हती. राज्याच्या आरोग्य खात्याने चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, आशा कार्यकर्त्या प्रश्नावली घेऊन घरोघर गेल्या, १०४ क्रमांकावर समुपदेशन ठेवले. पण हा आरोग्य खात्याचा प्रकल्प होता, आणि मदतीच्या फायली महसूल खात्याकडे. आशाताईंच्या कागदावर ‘तीव्र नैराश्य’ असे लिहिले गेले आणि पुढे तो माणूस गेला, तर त्या कागदाचे महसूल समितीपुढे काय व्हावे, हे दोन्ही खात्यांनी मिळून ठरवायला हवे होते.

आयुर्विम्याचा व्यवहार या बाबतीत सरकारपेक्षा उदार आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पॉलिसीला पहिले वर्ष उलटले की आत्महत्येनेही दावा मरत नाही. पैसे मिळतात, कारण विचारले जात नाही. शेतकऱ्यासाठी सरकारने २००५-०६ मध्ये जो अपघात विमा सुरू केला आणि ज्याला पुढे गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले, त्यात मात्र वगळणुकींची यादी आहे. आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, जाणीवपूर्वक स्वतःला करून घेतलेली इजा, अमली पदार्थांच्या अमलाखाली झालेला अपघात, भ्रमिष्टपणा. याच यादीत पुढे मोटारींची शर्यत आणि युद्धही आहे. दर्यापूर किंवा बाळापूरच्या कोणत्या शेतकऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून मोटारींची शर्यत लिहिली असेल, देव जाणे.

कंपन्या दावे अडवतात, त्रुटी काढतात, म्हणून राज्य सरकारने एप्रिल २०२३ मध्ये या योजनेतून विमा कंपन्यांना काढून टाकले आणि दोन लाखांची रक्कम थेट तिजोरीतून द्यायचे ठरवले. योजनेच्या नावात ‘विमा’ऐवजी ‘सुरक्षा सानुग्रह अनुदान’ आले. शेतकऱ्यांना त्याचा फायदा झाला, दावे निघू लागले. वगळणुकींची यादी मात्र जुन्या कागदावरून नव्या कागदावर तशीच आली, भ्रमिष्टपणासह. मानसिक आरोग्य कायद्याचे २१ वे कलम वैद्यकीय विमा देणाऱ्या कंपन्यांना बांधते. कृषी विभागाच्या सानुग्रह अनुदानाला ते लागू होत नाही.